बाबांच्या भिंतीवरचा पट्टा

३ मार्च, सोमवार

पट्टा आला नाही! इस्त्रीनं माझा प्रयोग पुन्हा करून बघितला आणि पट्टाच नाही. इस्त्री म्हणजे लॅबमधली नवी सहकारी — सगळं कडक, घडी मोडलेली चालत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिला माहीत नाही. म्हणाली, "काहीच दिसत नाहीये गं."

शुक्रवारी सर परिषदेत माझ्याच निकालावर बोलणार. माझी अख्खी पीएचडी त्या एका काळ्या पट्ट्यावर उभी आहे. औषध दिलं की कर्करोगाची पेशी आपण होऊन मरते, आणि तिला 'मर' म्हणून सांगणारं प्रथिन प्रयोगाच्या फोटोत पट्टा होऊन दिसतं. दाखवते अँटिबॉडी. ती फक्त त्याच प्रथिनाला चिकटते. चिकटायला हवी!

४ मार्च

डोळ्याला डोळा नाही. सरांना सांगितलं तर उडवूनच लावलं — "नवीन हात आहे, बसेल." मलाही तेच ऐकायचं होतं.

बाबांचा फोन. पुन्हा कुणाला तरी फ्रेम दाखवली म्हणे. त्या पट्ट्याचा फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावलाय, माझ्या लग्नाच्या फोटोच्या जागी! "आमच्या पोरीनं मरणाला रंगेहाथ पकडलं," असं सांगतात. मागून आई — "लोकांना एक्स-रे वाटतो. कुणाचं काय मोडलं, विचारतात." एरवी पोट धरून हसले असते.

५ मार्च

अँटिबॉडीची नवी कुपी फोडली. इस्त्रीकडे पट्टा नाही तो नाहीच. माझ्याकडे जुन्या कुपीनं आला, नव्यानंही आला — ठसठशीत! हुश्श. म्हणजे अँटिबॉडी बरी आहे, दोष तिच्या हाताचाच. मग मी पुन्हा पुन्हा तोच फोटो का बघतेय?

६ मार्च

चहा पिताना इस्त्रीला सहज विचारलं, मेम्ब्रेन कुठली घेतेस? प्रथिनं ज्यावर उतरवतो तो पांढरा पातळ तुकडा.

"कोरी. का, तू?"

मी धुऊन घेते. आमच्याकडे सगळेच घेतात, सरांनीच लावलेली सवय. आधी दुसऱ्या एका प्रथिनाची अँटिबॉडी लावून बघायचं, मग ती धुऊन काढायची आणि त्याच तुकड्यावर माझी लावायची. नमुने जपून वापरावे लागतात ना!

"आणि पहिली खरंच निघाली का, हे कधी बघितलंस?"

कप खाली ठेवला. ते पहिलं प्रथिनही औषधानं वाढतं. वजनानंही जवळपास तेवढंच, म्हणजे पट्टा त्याच जागी पडणार. इतकी वर्षं हे माझ्या टाळक्यात कसं आलं नाही? देवा, नको ना!

७ मार्च, शुक्रवार

पहिली अँटिबॉडी लावून मेम्ब्रेन नेहमीसारखी धुतली. माझी अँटिबॉडी घातलीच नाही. बाकी सगळं केलं.

पट्टा आला. तोच. ठसठशीत.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले, "आज मी परिषदेत बोलत नाही."

मग घरी लावला. म्हटलं, "बाबा, ती फ्रेम उतरवा."

"का गं? याहून मोठा आला का?"