मामा, मेंढरं किती?

हैदराबाद, पार्सलचं गोदाम

बिरोबा प्रसन्न. तो आहे, तुम्ही नाही, हे मला ठाऊक आहे.

तीर्थरूप येडूमामांस, भाचा बिरुदेव याचा शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार रागानं केला आहे, पण वाकून केला आहे, तेव्हा तो धरावा. तुमची तब्येत बरी असेलच, दुसऱ्याची बिघडवणाऱ्याची बरीच असते. राजामामीच्या गुडघ्याला उतार पडला का? तेल चोळतात का नुसतंच उशाला ठेवतात? ज्वारी काढून झाली का? कळप कसा आहे हे मात्र विचारत नाही. विचारल्यावर काय होतं ते सोलापुरात सगळ्या शुक्रवार पेठेनं बघितलं.

पत्र का लिहितोय, फोन का करत नाही, असं वस्तीवरचे लोक म्हणतील. लोकहो, फोन केला. माझा आवाज आला की मामा फोन कापतात. तो लाल गोल कुठं असतो आणि कसा दाबायचा हे त्यांना मीच मंगळवेढ्याच्या स्टँडवर उसाचा रस पाजून शिकवलं होतं. पत्र कापता येत नाही. पोस्टमन येणार, वस्ती गोळा होणार, तुमची लेक दिपाली मोठ्यानं वाचणार, आणि मामा मधेच उठले तर पळाले असं होणार. तेव्हा बसा, मामा. (दिपाली, ज्या कंसात तुझं नाव असेल तो मोठ्यानं वाचू नकोस. तिथं खोकल्यासारखं कर.)

मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्यानंतर मोबाईलचं दुकान, ढाब्याचं काउंटर, पाण्याचा टँकर असं सगळं केलं आणि सोडलं, हेही माहीत आहे. मागच्या दिवाळीत तुम्हीच चुलीपुढं बसून म्हणालात, "बिऱ्या, एका जागी बूड टेकीव. एक काम पुरं करून दाव, मग दिपालीचं बोलू." त्या एका वाक्यासाठी मी सोलापूरला गेलो. श्रीशैल सरांचा क्लास शुक्रवार पेठेत, भांड्याच्या दुकानाच्या वर. बाहेर पाटी, 'शिक्षणाची अट नाही. वेब ॲप्लिकेशन स्वतः बनवा.' अट नाही म्हटल्यावर मी वर गेलो, आणि वर गेल्यावर कळलं की अट नाही तसं शिकवणंही नाही.

खरं सांगतो, मामा, त्या माणसानं आम्हाला कधी शिकवलंच नाही. पहिल्या दिवशी जुना लॅपटॉप पुढं सरकवला आणि म्हणाले, करा. काय करा? काहीतरी करा. केलं की मोडायचं, मोडलं की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजीतून शिव्या यायच्या, आणि सर चहा पीत म्हणायचे, "वाच की. ते काय म्हणतंय ते वाच." मी एक एक अक्षर लावून वाचायचो. शेजारी ज्ञानदा बसायची, पुजाऱ्याच्या घरची, बी.एस्सी. झालेली. तिलाही तीच लाल अक्षरं यायची, तेवढंच समाधान. फरक इतकाच की ती 'अगं बाई' म्हणायची आणि मी जे म्हणायचो त्याला सरांनी बंदी घातली.

वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तुम्ही काय मोडलंत ते कळेल. त्याला दोन बाजू असतात. पुढची बाजू म्हणजे राजामामी. आल्यागेल्याशी बोलणार, या बसा म्हणणार, काय पाहिजे विचारणार, दिसायला नीटनेटकी. मागची बाजू म्हणजे तुम्ही. आत कुठंतरी घोंगड्यावर बसलेले, कुणाला दिसत नाही, पण खरं काय ते सगळं तुमच्याजवळ. मामीनं आत येऊन विचारायचं, तुम्ही सांगायचं, मामीनं बाहेर जाऊन सांगायचं. एवढंच असतं ते सगळं. जगातली सगळी ॲपं अशीच चालतात. फक्त मागच्या बाजूनं सांगायचं नाही असं ठरवलं की मेलं सगळं.

सरांचा नियम असा की खोटं खोटं काही बनवायचं नाही. प्रत्येकानं आपल्या घरच्या धंद्याचं ॲप बनवायचं, घरच्या माणसांनी ते महिनाभर वापरायचं, आणि मग शेवटी सगळ्यांसमोर उघडून दाखवायचं. त्या दिवशी बंगळूरच्या कंपनीतून माणूस येणार आणि एकाला कामावर घेणार. ज्ञानदानं देवळातल्या अभिषेकांची नोंदणी बनवली. मी म्हटलं आपल्याकडं काय आहे? मेंढरं आहेत. आणि लांडगा आहे. रोज सांजेला मेंढरं आत घेतली की प्रत्येकानं फोनवर आकडा भरायचा, कालच्यापेक्षा आज कमी भरला की सगळ्या वस्तीच्या फोनवर एकदम आरोळी उठायची. आरोळी मी माझ्याच आवाजात भरली होती, आपण लांडगा हाकलताना घालतो तीच, पोट फाडून. ॲपचं नाव ठेवलं 'वाघर'. आपण मेंढरांभोवती जाळं लावतो तसंच हे, पण फोनमधलं. सर पहिल्यांदा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, चांगलंय. (दिपाली, त्या दिवशी मी तुला फोन केला होता आणि काही न बोलता ठेवला, तो यासाठी.)

मग मी वस्तीवर आलो. सगळ्यांच्या फोनवर घालून दिलं. आठवतंय का, मामा? तुम्ही म्हणालात, "व्हय व्हय, भरतो की." पल्याडचा शरणप्पा त्याच्या अर्ध्या कानडीत म्हणाला, बरोब्बर भरतो. मामी म्हणाली, मीपण भरते. मी एसटीत बसून सोलापूरपर्यंत हसत गेलो. महिनाभर माझ्या पडद्यावर रोज सांजेला हिरवे ठिपके लागायचे, म्हणजे भरतायत. आत काय भरतायत ते मी उघडून बघितलं नाही. माझ्याच मामावर पाळत ठेवू? मी आपला रंग बदलत बसलो, कोपऱ्यात एक मेंढरू काढलं, ते मान हलवायचं. आरोळी मात्र दाखवायच्या दिवशीच चालू करायची म्हणून तोवर बंद ठेवली होती.

आणि तो दिवस आला. महेश्वरी मॅडम बंगळूरहून आल्या. ज्ञानदाचं झालं, टाळ्या झाल्या. मी उठलो. इस्त्रीचा शर्ट होता, मामा, उसना. पडद्यावर 'वाघर' उघडलं, मेंढरानं मान हलवली, सगळे हसले, मला बरं वाटलं. मग मी नोंदी उघडल्या.

तुमच्या नावावर पहिल्या दिवशी एक मेंढरू. दुसऱ्या दिवशी दीड. दीड कसं हो, मामा? अर्धं कुठं ठेवलंत? तिसऱ्या दिवशी हजार, चौथ्या दिवशी परत एक. मामीनं भरला होता तो आकडा मला ओळखीचा वाटला, नंतर कळलं की त्या कोंबड्या आहेत, कारण कोंबड्या सांगायला हरकत नसते. आणि शरणप्पानं आकडा म्हणून स्वतःचा फोन नंबर भरला होता. म्हणजे त्या दिवशी एकट्या शरणप्पाकडं नऊ अब्जाच्या वर मेंढरं होती. दुसऱ्या दिवशी त्यानं भरला शून्य. मॅडमनी चष्मा वर करून मला विचारलं, "एका रात्रीत लांडग्यानं नऊ अब्ज मेंढरं खाल्ली?" मी म्हटलं, लांडगे जास्त असतील.

एवढ्यात सांज झाली, मामा. तिकडं तुम्ही प्रामाणिकपणे भरायला बसलात, कालचे हजार आणि आजचं एक. आणि माझी आरोळी उठली. सरांनी भिंतीला मोठे भोंगे लावले होते, आवाज चांगला यावा म्हणून. खालच्या भांडीवाल्याच्या हातातलं पातेलं पडलं. समोरच्या घरातली माणसं काठ्या घेऊन जिन्यात आली. आरोळी थांबवायचं बटण बनवायचं मी विसरलो होतो, कारण लांडगा आल्यावर कोण थांबवतो?

सरांनी वायर उपटली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, तुमच्या मामांना फोन लावा, खरा आकडा विचारा, आत्ता दुरुस्त करू. म्हणजे बाई मला वाचवत होती. मी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पुढचं वस्तीवरच्या लोकांनीही ऐकावं.

"मामा, मेंढरं किती हायत?"

"हायत की."

"किती पण?"

"पुरती हायत."

"आकडा सांगा, मामा. हितं मॅडम बसल्यात."

"कोण मॅडम? बँकेच्या?"

"न्हाय, कंपनीच्या."

"मग त्यास्नी कशाला आमची मेंढरं? बिऱ्या, मेंढकराच्या पोटी जन्मलास का दगडाच्या? मेंढरं मोजून सांगत्यात व्हय कुणी? दृष्ट लागती. त्या बाईला इचार, तुमचा पगार किती, सांगती का सगळ्यांम्होरं?"

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. तिथं थांबला असतात तरी चाललं असतं, मामा. पण तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही पुढं म्हणालात, "आन ऐक, आता हायसच तर. अकलूजचं स्थळ येणार हाय दिपालीला बघाया. तुजं काय बूड टेकायचं न्हाय." शुक्रवार पेठेतल्या त्या खोलीत, काठ्या घेतलेल्या शेजाऱ्यांसकट, सगळ्यांनी ते ऐकलं. ज्ञानदानं मान खाली घातली. एका काठीवाल्या आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जड वाटतो.

मी त्याच पावली स्टँडवर गेलो. जी गाडी लागली होती तिच्यात बसलो, ती हैदराबादची निघाली. आता गोदामात पार्सलं चढवतो. इथं सगळं मोजून असतं. प्रत्येक खोक्याला आकडा, प्रत्येक ट्रकला आकडा, माझ्या छातीवरसुद्धा आकडा. कुणाला दृष्ट लागत नाही. जेवणात तिखट इतकं की राग आहे का मिरची हे कळत नाही.

मला माहीत होतं हो, मामा. मेंढरं मोजत नाहीत हे मला दात येण्याआधीपासून माहीत आहे. पण त्या यंत्रापुढं बसलं की माणसाला वाटतं सगळ्याला आकडा असतोच. पण तुम्ही तरी सरळ 'न्हाय' म्हणायचं होतं! 'व्हय व्हय, भरतो की' कशाला म्हणालात? भाच्याचं मन मोडू नये म्हणून? मन राखलंत आणि बाकी सगळं मोडलंत.

तेव्हा आता मी परत येणार नाही. अकलूजच्या लोकांना खुशाल बोलवा, पोहे करा. मुलगा साखर कारखान्यात काट्यावर असतो म्हणे. चांगलंय. माझं काही म्हणणं नाही. मामींना नमस्कार, वस्तीला रामराम, लहानांना काही नाही, त्यांनी माझ्या आरोळीवर फार हसून घेतलंय असं ऐकतो.

तुमचा (नाइलाजानं) भाचा,
बिरुदेव

ता. क. एक सांगायचं राहिलं. श्रीशैल सरांचा फोन आला होता. मला वाटलं उसना शर्ट मागायला. ते म्हणाले, तू पळालास ते पळालास, नोंदी नीट वाचल्यास का? आकड्याच्या खाली मी शोभेला एक 'शेरा' लिहायची जागा ठेवली होती. सगळ्यांनी ती रिकामी सोडली. दिपालीनं मात्र आकडा म्हणून रोज गपचूप शून्य टाकलं होतं आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'सगळी आली.' किंवा, 'मुंडी मेंढी मागं राहिली होती, आणली.' किंवा, 'बुटकानी लंगडते, चांदी तिच्यासाठी थांबते.' सर म्हणाले, गाढवा, आकडा काढून टाक, हे ठेव. मामा, मी गोदामाच्या दुपारच्या सुट्टीत बसून सगळं नव्यानं केलंय. आता 'वाघर' आकडा विचारत नाही. एवढंच विचारतं, आज सगळी आली का? आली असतील तर व्हय. नसतील तर कोण नाही, तिचं नाव. नावानं दृष्ट लागत असेल तर तेही आत्ताच सांगा, मामा, नंतर सगळ्यांसमोर नको. आणि आरोळी थांबवायचं बटण केलंय, मोठं, लाल, तुमच्या सवयीचं.

ता. क. २. महेश्वरी मॅडम पुढच्या अमावस्येनंतर सोलापूरला परत येणार आहेत. सरांनी माझ्यासाठी परत वेळ मागून घेतलाय. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. तोवर वस्तीनं ते रोज वापरायला पाहिजे, खरं खरं. आणि तोवर अकलूजवाल्यांना थांबवा. मामीचा गुडघा दुखतोय म्हणा, खोटं नाही ते. आणि मामा, नीट विचार करा. काट्यावरचा माणूस. दिवसभर उसाच्या गाड्यांचं वजन करून आकडे मोठ्यानं ओरडतो. असला जावई तुम्ही मेंढरांजवळ उभा करणार? सवयीनं तोंडातून एखादा आकडा निघून गेला म्हणजे?

ता. क. ३. (दिपाली, आता खोकलू नकोस, सरळ थांब. बाकीचं एकटीनं वाच. 'वाघर'मध्ये एक नवीन पान केलंय, ते फक्त तुझ्या फोनवर उघडतं. त्यावर एकच प्रश्न आहे आणि खाली दोन बटणं आहेत, व्हय आणि न्हाय. आधी मी लिहिणार होतो की न्हायचं बटण बिघडलंय, दाबलं तरी व्हयच जातं, आणि दुरुस्त करायला मला वेळ नाही. पण ते खोटं झालं असतं. दोन्ही बटणं चालतात. मी रोज तपासतो. राग वगैरे काही नाही, नुसती भीती आहे. मामांना सांग, पत्र संपलं.)