तिसऱ्या ओळीतली बुरशी

२ सप्टेंबर
बाबुरावांच्या पेरूला मर लागली! लोणी काळभोरची ती बाग — त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, शेवटच्या आजारपणाआधी लावलेली. तिसऱ्या ओळीतली अकरा झाडं उभ्या उभ्या वाळली. फळं फांदीवरच दगड झालेली.
बाबुराव म्हणाले, "कल्याणीताई, तुमीच गेल्या साली म्हनला हुता, अशी निरोगी बाग तालुक्यात न्हाय."
म्हणाले होते मी. मुळं पिशवीत घातली आणि निघाले. त्यांच्याकडे बघवेना.

९ सप्टेंबर
मुळांतून बुरशी उगवली. बशीत पांढरी, कडेने जांभळट. बीजाणू विळ्यासारखे. फ्युजेरियम — पण कोणतं? सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सख्खे भाऊच दिसतात. डीएनए तपासायला पाठवला.

२४ सप्टेंबर
लिहायला लाज वाटते, पण आज मी नाचले. डीएनए जुळला — माझ्या धायरीच्या बुरशीशी! गेल्या वर्षी भैरूंच्या बागेत सापडलेली, कुठेच नोंद नसलेली जात. ती बाग आता सोसायटीच्या पार्किंगखाली आहे. परीक्षकांनी शोधनिबंध परत पाठवला होता — एकाच बागेवरून नवी जात कशी मानायची, दुसरी जागा दाखवा. मिळाली दुसरी जागा! पेरूच्या मरीवर सहा वर्षं घासतेय मी.
संध्याकाळी बाबुरावांचा फोन. आणखी चौदा झाडं.

२७ सप्टेंबर
लोणीला जाऊन सांगून आले. बुरशी नवी, अजून नावही नाही; औषध नाही. सगळी बाग उपटून जाळा, तिथे पुन्हा पेरू लावू नका.
बाबुराव म्हणाले, "निस्तं एवढं सांगा, आलं कुठनं? पानी माझं, शेनखत माझं. रोपं तर हिनं घरी केल्याली."
शोधते म्हटलं.
निघताना म्हणाले, "आन त्या किडीला आमच्या गावाचं नाव नगा देऊ."
बुरशी म्हणजे कीड नव्हे, हे समजवायची ती वेळ नव्हती.

५ ऑक्टोबर
धायरी ते लोणी, मधल्या एकोणीस बागा तपासून झाल्या. एकीतही ही बुरशी नाही. प्रज्ञेश, शेजारच्या टेबलावरचा, चहा ढवळत म्हणाला, "म्हणजे थेट लोणीलाच उतरली? वाटेत कुठे थांबा नाही? शहाणी आहे हो तुमची बुरशी."
हसले. पण डबा तसाच परत आणला.

६ ऑक्टोबर
बाबुरावांनी बाग पेटवली. फोनवर एवढंच सांगितलं, "झालं ताई." मागे कोणीतरी रडत होतं.

७ ऑक्टोबर
गेल्या वर्षीची वही काढली. ११ जुलै, माझंच अक्षर —
"सकाळी धायरी, भैरूंची मर लागलेली बाग. दुपारी लोणी. तुलनेसाठी निरोगी बाग हवी होती, बाबुराव लगेच हो म्हणाले. तिसऱ्या ओळीतल्या अकरा झाडांच्या बुंध्याशी माती काढली. निर्जंतुक करायचं स्पिरिट संपलं होतं, माती काढायचं सकाळचंच गिरमिट नुसतं फडक्याने पुसून घेतलं. बाबुरावांनी वाटेसाठी पेरू दिले. काय गोड!"