रिकामी टोपली

१७ मार्च

आजपासून मी फोटोवाली! लिहितानाच हसू येतंय. मी सातवीपर्यंत शिकलेली. पण माझ्या नवऱ्यानं, नरेननं, बंगळूरहून फोनवर सांगितलं, रोजचं थोडं लिहून ठेव, सुट्टीत आलो की वाचीन. म्हणून लिहिते.

दार्जिलिंगला नुकत्याच आलोय, मी आणि माझी तान्ही सुबानी. रस्ता वळतो तिथे चहाच्या मळ्याच्या कडेला आम्ही फोटोवाले उभे राहतो. ढग नसले तर समोर बर्फाचे डोंगर अगदी उघडे. गिऱ्हाइकाला पानं खुडणाऱ्या बाईसारखं नटवायचं. लाल चोळी, घेरदार फरिया म्हणजे इकडची साडी, गळ्यात पोत, पाठीवर बांबूची उभी टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर. मग झुडपांत उभं करून फोटो काढायचा, छोट्या मशीनवर लगेच छापून द्यायचा. कॅमेरा माझ्या भावाचा, तो दुबईला गेलाय. कपडे आणि टोपली देउमाया दिदीची. ती इथली सगळ्यात जुनी फोटोवाली, मला तिच्याच शेजारची खोली मिळालीय.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कोलकात्याच्या एक काकू. फोटो छान आला, पण पैसे मागायला माझं तोंडच उघडेना. तशाच निघाल्या होत्या. दिदी पलीकडून ओरडली, अगं ए सुनमाया, त्या काय तुझ्या मावशी लागतात? माग की पैसे! काकूच हसल्या आणि पैसे दिले.

सुबानी दिवसभर माझ्या पोटाशी बांधलेली. लाक्पा दाजू (दाजू म्हणजे दादा), आमच्यातलाच एक फोटोवाला, म्हणाला, वहिनी, ही पोरगी आहे की बटाट्याचं पोतं? खांदे मोडून आलेत. हात धुवायचंही त्राण नाही. पण मन खूश आहे.

२० मार्च

टोपलीच्या तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेला एक दगड असतो. सगळ्यांच्याच टोपल्यांत असतो. वरून पानं घालायची. दिदीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तो काढायचा नाही. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आज एक नवी नवरी आली. टोपली चढवली तशी मान दुखते म्हणून रडकुंडीला आली. नवरा म्हणाला, राहू दे, दुसरीकडे काढू. सकाळपासून एक गिऱ्हाईक नव्हतं. मी दगड काढून उतारावर भिरकावला. टोपली फुलासारखी हलकी झाली. नवरी हसली, फोटो झाला.

पानंही घातली नाहीत. कंटाळा आला होता. रिकामी टोपली पाठीवर, फोटोत कुणाला काय दिसतंय.

२३ मार्च

धंदा बरा चाललाय. मी मात्र फार थकते. जेवताना घास हातात धरून झोप लागते.

आज पाटण्याचे एक गृहस्थ टोपली घेऊन उभे राहिले आणि कण्हायलाच लागले. म्हणाले, आत काय सासूला बसवलीय का? सगळे हसले, मीही हसले. आत डोकावले तर काही नव्हतं. पण पट्टा त्यांच्या कपाळात रुतला होता. लाल वळ उठला होता.

आणखी एक. आज खांदे दुखले नाहीत. सुबानी दिवसभर अंगावर होती, तरी नाही. सवय झाली असेल.

२६ मार्च

सवय नाही. सुबानी हलकी झालीय.

दूध पिते. गाल तसेच, मांड्या तशाच. पण उचलली की वाटतं, नुसतं दुपटं उचललं. लाक्पा दाजूला सांगितलं तर म्हणाला, वहिनी, तुम्ही झोपा जरा. मग त्यानं तिला हातात घेतलं आणि त्याचं हसूच गेलं. मळ्यात पानं तोलायचा काटा आहे, तिथं आम्ही तिला फडक्यात घालून टांगली.

काटा हललाच नाही.

मग त्यानं माझी रिकामी टोपली टांगली. काटा खाली गेला.

२७ मार्च

दिदीनं टोपलीत हात घातला, तळ चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती खालीच बसली. म्हणाली, पोरी, काय करून बसलीस गं.

मग सांगितलं. फार पूर्वी खुडणाऱ्या बायका इथेच झुडपांत बाळंत व्हायच्या. काम सोडता येत नसे. पोर टोपलीत ठेवायच्या आणि वरून पानं पडत राहायची. काही पोरं संध्याकाळी तोलायच्या वेळीच सापडायची. ती पोरं अजून आईची पाठ शोधतात. रिकामी टोपली पाठीवर दिसली की येऊन बसतात. त्यांना स्वतःचं वजन नाही. जवळच्या पोराचं घेतात. आधी वजन घेतात, मग जागा. दगड असला की वाटतं, इथं कुणी बसलंय, आणि निघून जातात.

माझी सुबानी परत कशी आणायची, विचारलं. दिदीनं उठून एक नवा दगड आणून दिला.

२८ मार्च

काल रात्री टोपलीत नवा दगड टाकला. सकाळी तो बाहेर, दाराशी.

लाक्पा दाजू म्हणाला, जाळून टाकू. अंगणात टोपलीला काडी लावली. पहिली कामटी पेटली आणि माझ्या कडेवर सुबानी अशी किंचाळली की — पाणी ओतलं. सगळं विझवलं. दिदी रडली.

आता जाळताही येत नाही.

३० मार्च

कामाला गेले नाही. सुबानीला ओढणीनं माझ्या कमरेशी बांधून ठेवलंय. खिडकीतून वारा आला की ती उचलली जाते. दूध घेत नाही. रडत नाही. नुसती बघते.

टोपलीतून दुधाचा वास येतोय.

झोपायचं नाही. डोळे मिटले की —

३१ मार्च

दुपार. बाहेर धुकं. दिदी लामांना आणायला गेलीय, अजून आली नाही.

टोपली रडतेय. भुकेचं रडणं. ते मी हजारांत ओळखीन. माझं दूध आपोआप वाहायला लागलंय. सगळी चोळी भिजली.

मांडीवरची गप्प.

आधी वजन, मग जागा, असं दिदी म्हणाली होती. म्हणजे आता टोपलीत कोण — आणि हे मी कुणाला बांधून —

जाळली असती तर. देवा.

चुकले तर दोन्हीकडून गेले. तरी गाठ सोडतेय. टोपलीतून मूठ वर आलीय, इवलीशी, हवेत काहीतरी धरायला बघतेय. आले गं, आले बाळा —

मांडीवरची मला घट्ट धरून बसलीय. सोडत नाही. हसतेय. सुबानीला अजून एकही दात नाही. हिला —