भोंगाबाईचा गळा

४ मार्च

चि. भोंगाबाईस,
आजीचे आशीर्वाद. अक्षर माझंच आहे, हसू नकोस.

डॉक्टरनं तुझं तोंड बंद केलं म्हणून मला फोन सोडून पेन धरायला लागलं. तुमच्या रॉक बँडचा नवा अल्बम आत्याच्या मोबाइलवर सगळा ऐकला. यंत्रमागांनी माझा एक कान पुरता खाल्ला, दुसरा अर्धा. त्यामुळे नातवंडांत तुझंच गाणं तेवढं मला ऐकू येतं. शेवटच्या गाण्यांत तुझा आवाज जुन्या चादरीसारखा विरलाय. आत्या म्हणाली, ती स्टाइल आहे. मी म्हटलं, विरलेलं मला कळतं.

आणि आता वर गावोगाव दौरा! गायचं नाही, मग जाऊन करणार काय, ते कळव. माझे गुडघे दुखतात, झोप नाही, बाकी मी तशीच.

लोभ आहेच, वाढवायची ताकद उरली नाही.
तुझी आजी

११ मार्च

ती. आजीस, सा. न.

थकले गं. डॉक्टर म्हणतात, आत्ता गायलीस तर आवाज कायमचा जाईल. मॅनेजरनं तोड काढलीय: स्टेजवर अल्बममधला माझा आवाज लावायचा, मी नुसते ओठ हलवायचे. तिकिटं खपलीत. ड्रमवाल्यानं दौऱ्यासाठी नोकरी सोडली, गिटारवाल्यानं लग्न पुढं ढकललं. मी नाही म्हटलं तर सगळे घरी बसतील. बाबा म्हणतात, हलव की ओठ, कोण बघतंय! काल आरशासमोर करून पाहिलं. स्वतःचीच नक्कल करतेय असं वाटलं. काय करू, सांग.

रागावलीस तरी उत्तर पाठव.
तुझी भोंगा

१६ मार्च

चि. भोंगाबाईस, आशीर्वाद.

कोण बघतंय म्हणे! तुझ्या बापाला सांग, त्याची आई बघतेय. मागांच्या खडखडाटात ऐकू काय डोंबल येणार? आम्ही बायका ओठांवरूनच बोलायचो. सासूच्या चहाड्या, सुपरवायझरला शिव्या, सगळं बिनआवाजी. खोटं बोलणारीचे ओठ जरा जास्तच काम करतात, लगेच कळायचं.

दौरा मोडा असं मी म्हणत नाही. चार जण आहात, बाकीच्यांना तोंडं नाहीत का? गिटारवाल्याला गाऊ दे, तू तुझा कीबोर्ड वाजव. आणि लोकांना आधी खरं सांगा. त्यांनी आरडाओरडा केलाच, तर तुमच्या गाण्यात तो कुणाला कळणार नाही.

दमले लिहून. माया आहे, पण तिला फार राबवू नकोस.
आजी

२ एप्रिल

ती. आजीस, सा. न.

नुसते ओठ हलवणार नाही, असं लिहून सांगितलं सगळ्यांना. मॅनेजर उठून गेला. ड्रमवाला म्हणाला की हे आधी सांगायचंस.

काल पहिला कार्यक्रम झाला. गिटारवाल्यानं सुरुवातीलाच लोकांना खरं सांगितलं. काही उठले, काहींनी तिकिटाचे पैसे मागितले, बाकीचे थांबले. मी मागं, कीबोर्डवर. माझी गाणी तो खालच्या पट्टीत म्हणतो. तिसऱ्या गाण्याला लोक त्याच्याबरोबर गायला लागले. आजी, चांगलं गातो गं तो. वाईट गायला असता तर मला झोप लागली असती.

उद्या पुढचं गाव. पुढच्या पत्रात शिव्या जरा सढळ हातानं घाल.
तुझी भोंगा