दोनदा मिटलेले डोळे

९ सप्टेंबर, सोमवार
सकाळी जीवनच्या हातातून चहाचा कप पडला. परवापासून पायाला मुंग्या येत होत्या. काल मोटर वाइंडिंगच्या दुकानातून भिंती धरत घरी आला. आज उभंच राहता येईना. मी आशाताई, सरकारी आरोग्यसेविका — आमच्या बंजारा तांडाभर सांगत फिरते, दुखणं अंगावर काढू नका. आणि माझ्याच नवऱ्याचे दोन दिवस तसेच गेले!

सासूबाई म्हणाल्या, तीन दिवस उपास-प्रार्थना करू, मग पाहू. मी ऐकलं नाही. एकशे आठची गाडी बोलावली. त्याला गाडीत चढवताना त्या एवढंच बोलल्या, "तुहा विश्वास कमी आहे, जया."

तेच कानात घेऊन यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत आले.

१० सप्टेंबर
नसांचा आजार आहे. मागे जुलाब झाले होते, त्यातून कधीकधी होतो म्हणे. पायापासून वर चढतो. पाच दिवस इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर रस्त्यातच काही झालं असतं. हे सासूबाईंना सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर
श्वासापर्यंत चढलं. घशात नळी. मशीन.

१३ सप्टेंबर
माझी श्रद्धा उसनी आहे का? माहेरी आम्ही तांड्यावर आमच्या देवांना भोग लावायचो. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आले, तेव्हा जीवन म्हणाला होता, तुले जबरदस्ती नाही. दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला, तो खरं म्हणजे त्याच्यासोबत राहावं म्हणून. जेवणाआधी प्रार्थना तोच करायचा. मी नुसतं आमेन म्हणायची. आता त्याच्या तोंडात नळी.

बाहेरच्या बाकावर बसून आज मीच प्रार्थना केली. शब्दच सुचेनात. प्रभू, त्याचा श्वास चालू ठेव — एवढंच, पन्नासदा. ही प्रार्थना, की नुसती भीती?

१७ सप्टेंबर
सिस्टरने खूण शिकवली. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. दुखते? हो. मी दिसते? हो. पाच दिवसांनी बोललो आम्ही!

मग विचारलं, "प्रार्थना करू?"

दोनदा मिटले.

वाटलं, त्याला कळलं नसेल. परत विचारलं. परत दोनदा. नंतर माझ्याकडे पाहिलंच नाही.

१८ सप्टेंबर
सासूबाईंचा फोन. पोरगा प्रार्थनेत आहे ना? मी हो म्हणाले. खोटं बोलले, तेही प्रार्थनेबद्दल.

दुपारी आमच्या चर्चचे पाळक आले. कपाळाला तेल लावून मोठ्यानं प्रार्थना केली. जीवन छताकडे पाहत होता. मी त्याच्याकडे. आमेन म्हणायचं राहून गेलं.

२४ सप्टेंबर
ताप. छातीत कफ. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. कागदावर केलेली माझीच सही मला ओळखू येईना.

त्याच्याजवळ बसून प्रार्थना करत नाही आता. दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर जाते. ज्यानं शिकवलं त्याच्यापासूनच चोरून! आज भांडले प्रभूशी. म्हटलं, चालता नाही आलं तरी मी सांभाळीन, पण त्याला असा आतल्या आत कोंडून ठेवू नको. खूप वाईट बोलले. बोलता बोलता जाणवलं, कोणीतरी ऐकत आहे. भास असेल. पण उठून आले तेव्हा औषधांच्या कागदावरची सही सरळ आली.

३ ऑक्टोबर
उजव्या हाताची दोन बोटं हलली.

१४ ऑक्टोबर
मशीन काढून सहा दिवस झाले. आज नळीचं तोंड झाकून तो बोलला. पहिलंच — आई जेवली का? सासूबाई रडल्या. म्हणाल्या, प्रभूनं ऐकलं, आता चर्चमध्ये मंडळीसमोर उभा राहून तशी साक्ष दे.

त्या बाहेर गेल्यावर मला म्हणाला, "मले सगळं समजत होतं. तोंडावर माशी बसली तरी उडवता येत नव्हती. किती हाका मारल्या मी प्रभूले, जया. कोणीच नव्हतं तिथं. मी खोटी साक्ष देणार नाही."

मी म्हटलं, "नको देऊ."

पायऱ्यांवरचं ओठावर आलं होतं. सांगितलं नाही. त्याला जाणवलं नाही ते मला जाणवलं, हे कोणत्या तोंडानं सांगू?

५ नोव्हेंबर
घरी आणलं. काठी धरून ओसरीपर्यंत जातो. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, प्रार्थनेनं वाचला. एकशे आठच्या गाडीचं नाव नाही. राहू दे. तो आत बसून ऐकतो आणि मला धाकधूक होते, की आता बोलेल.

९ नोव्हेंबर, शनिवार
विचारलं, उद्या मंडळीत येतो? नाही म्हणाला. मग म्हणाला, "माह्यासाठी मांगाले जाऊ नको. तुह्यासाठी जायचं असंन तर जा."

१० नोव्हेंबर, रविवार
एकटी गेले. पाळकांनी विचारलं, आज प्रार्थना कोण करते? मी उठून उभी राहिले.