लक्ष्मीच्या नोटेवरचं बोट

टाकानिनी,
रविवार, १५ जून

चि. सौ. शकुस,
आक्काचे पोटभर आशीर्वाद. मी मजेत. जून म्हणजे इथे ऐन हिवाळा, दात वाजतात, तुला पटायचं नाही. आणि आमची सलोनी या थंडीत जँडल्स घालून फिरते. जँडल्स म्हणजे आपली स्लिपर गं!

वरुण हल्ली घरीच असतो. ईस्ट टामाकीला तो कामाला होता ते गोडाऊन बंद झालं. मला लेकाच्या हातचा चहा मिळतो, आणखी काय हवं?

काल तर गंमतच झाली. लक्ष्मीपूजनाला आपण पाटावर मांडायचो त्या नोटा आठवतात? मामंजींनी जपलेल्या, जहाजाच्या चित्राच्या, मी येताना इकडे आणलेल्या. सलोनी म्हणाली, "आजी, ओल्ड नोट्सचे हीप्स मिळतात!" हीप्स म्हणजे ढीगभर पैसे. मी हवेतच! इथे एका हॉलात जुन्या नोटा-नाण्यांचा बाजार भरतो. ठेवणीतली साडी नेसून गेले. म्हटलं, विमानाच्या तिकिटाची सोय झाली, आता आठवड्यात शकुच्या उशाशी.

तिथला गोरा म्हातारा व्यापारी "किया ओरा" म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. चिमट्याने नोट उचलून भिंग लावलं. नंबर बघून इतका खूश, की शेजारच्याला हाक मारली. मग नोट उलटी केली. दर दिवाळीचं कुंकू, तेही ओलं करून लावलेलं! माझा टिपका, आणि तुझं अख्खं बोट. किती ओरडायचे मी, "शकु, लक्ष्मीला न्हाऊ घालतेस का?"

सगळ्या नोटांचं तेच. कोऱ्या असत्या तर घेतल्या असत्या म्हणे. "दॅट्स नॉट अ स्टेन!" म्हणून सलोनी त्याच्याशी भांडली, मग रडली पोर. त्याने नोटा दोन्ही हातांनी परत दिल्या. भला माणूस.

घरी आल्यावर वरुण बाथरूममध्ये शिरला, नळ बराच वेळ चालू होता.

तुझ्या शुभमचा फोन आलेला. डॉक्टरांनी तुला घरी न्यायला सांगितलं, म्हणाला. "काकू, आई सारखी दाराकडे बघते." मी "निघालेच" म्हटलं.

शकु, माझं येणं नाही गं होत.

सोबत एक नोट ठेवलीय. मागून बघ, तुझ्या बोटाला चिकटून माझा टिपका आहे. उशीखाली ठेव. टपाल किती दिवसांनी पोचतं, ते मी विचारलं नाही.

शुभमला दार लोटून घ्यायला सांग. वारा लागेल तुला.

तुझी,
आक्का