सात नंबरचा चिमटा

३ मार्च १९९७, सोमवार
मलेशियातल्या या इपोह गावातले झाडून सगळे माझ्यावर जळतात. आजपासून लिहून ठेवणार. फाट अंकलच्या रिमोटवाल्या खेळण्यातल्या बोटींच्या दुकानात रिपेअरवाल्याचं स्टूल रिकामं झालंय. म्हातारा म्हणाला, रोस्दी, तुझी ती मोडकी बोट रविवारी खाणीच्या तळ्यात तीन फेऱ्या पळव, स्टूल तुझं. सेल्वम बाजूला दात काढत होता. त्यालाही तेच स्टूल हवंय. ताई म्हणते, ही सातवी नोकरी. या वेळी जमलं नाही तर बोचकं उचल आणि चालू लाग. सहावी आहे. मोजता येत नाही बाईला.

४ मार्च
बोटीचा पंखा घासायला काढला. सँडपेपर शोधताना गिटार सापडलं. दोन गाणी बसवली. पंखा उद्या.

५ मार्च
पंख्याच्या दांड्याला ग्रीस हवं. अंकलच्या, म्हणजे शत्रूच्या दुकानातून घेऊ? ताईचं पावाला लावायचं मार्जरीन भरलं. तेलकट ते तेलकट.

६ मार्च
बोटीत मुंग्या. सेल्वमचंच काम.

७ मार्च, शुक्रवार
मुंग्यांवरून लक्ष उडावं म्हणून दोन्ही बाजूंना ज्वाळा रंगवल्या. काय दिसतेय! ट्रायलला तळ्यावर गेलो, तर तिथे पोरखेळ. फळीवर नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे. आपल्या रिमोटच्या नंबरचा चिमटा कॉलरला लावल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. एका नंबरचे दोन चालू झाले तर बोटी भलत्याचंच ऐकतात म्हणे. माझा नंबर सात. म्हाताऱ्याचाही सात! चिमटा सकाळपासून त्याच्याच कॉलरला. याला कट म्हणतात. बोट न उतरवता परत आलो.

८ मार्च
बॅटरी चार्जिंगला लावली. खोलीत प्लग एकच, आणि उकाडा मरणाचा. बॅटरी काढून खोलीतला पंखा लावला. चांगल्या बॅटरीला पंधरा मिनिटं पुष्कळ.

९ मार्च, रविवार, सकाळी ८
आज स्टूल.

दुपारी १
म्हाताऱ्याची पिवळी बोट पाण्यात होती. तीन वर्षं पट्टी पट्टी चिकटवून बांधलेली, म्हणून केवढा तोरा. सेल्वम ओरडला, अरे बाबा थांब, सात नंबर चालू आहे! मी म्हटलं, चिमटे चड्ड्यांना लावतात, मर्दांना नाही. बोट उतरवली, रिमोट चालू केला. माझी हलेना. दांडी पूर्ण पुढे रेटली, डावीकडे, उजवीकडे. तेवढ्यात पिवळी बोट गर्रकन वळली आणि सुसाट जाऊन दगडांवर आपटली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ओरडलोसुद्धा, अंकल, याला म्हणतात का ट्यूनिंग?
सेल्वमनं अंकलचा रिमोट बंद करायला लावला. मग माझ्या हातातला घेऊन दांडी दाबली. फुटक्या पिवळ्या बोटीचा पंखा भुर्रकन फिरला.
म्हाताऱ्यानं कॉलरचा चिमटा काढला आणि माझ्या कॉलरला लावला.

१६ मार्च, रविवार
स्टूल मिळालं. दुकानातलं सेल्वमला. मला प्लॅस्टिकचं, तळ्याकाठी फळीखाली. चिमटे द्यायचे, परत घ्यायचे, रिमोटला हात लावायचा नाही. आज अकरा जणांनी माझ्याकडे परवानगी मागितली. माझ्याशिवाय इथे एक बोट हलत नाही.
ताईनं विचारलं, पगार किती?
बोचकं दाराबाहेर आहे. वर बोट. मुंग्या कपड्यांपर्यंत पोचल्यात.